धुरपताबाईची खरूज

धुरपताबाई माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही. आधी केसांकडे बघायची, मग हाताच्या कातडीकडे, आणि तिथं समाधान झालं तरच तोंडाकडे. परभणीहून जाताना ताडकळसच्या अलीकडं तिचं गाव. मी त्या गावच्या शाळेवर बदलून आले त्याच आठवड्यात ती नातीचं नाव घालायला आली. मी रजिस्टरात मान घालून लिहीत होते. हिनं सरळ माझी वेणी उचलली, शेंडा चिमटीत धरून चोळला आणि म्हणाली, "लोकर चांगली हाय बाई तुमची. पर मुळात कोरडी हाय. तेल कमी पडायलंय."

मला असला राग आला म्हणता. नवीन गाव, शेजारच्या खुर्चीवर हेडमास्तर, आणि एक अनोळखी बाई माझ्या केसांना लोकर म्हणते. मी जरा कडकच आवाजात नातीची जन्मतारीख विचारली. "तारीख त्या कागदात असंल," तिनं कमरेची पिशवी सोडून दाखला पुढं केला. "मला इचारसाल तर ज्या साली मोरी मेंढी जुळी व्याली, त्या सालची हाय." हेडमास्तर खिडकीबाहेर बघून हसत होते. त्यानंतर मी दर रविवारी मुळाशी तेल घालायला लागले, हे मात्र तिला कधी सांगितलं नाही.

घर मेंढपाळाचं. शंभरावर मेंढरं, काळी, दख्खनी. पावसाळा सरला की गावोगावच्या शेतात कळप बसवायचा, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, आणि हंगाम बघून घरी परतायचं. नवऱ्याचं नाव ग्यानबा. कुणी त्याला मेंढरांचं विचारलं की तो म्हणायचा, "मेंढरं तिची हायेत. मी नुस्ता सालगडी." लोक हसायचे, पण ते खरंच होतं. शंभर मेंढरांतली कोणती कुणाची लेक, कोणती कुणाची सून, हे तिला तोंडपाठ. माझ्या वर्गात चाळीस पोरं होती आणि मला त्यांची नावं पाठ व्हायला दिवाळी उजाडली.

तिचं एक ठाम मत होतं. जनावर बोलत नाही, त्याची लोकर बोलते. एकदा लसी टोचायला एक तरणा डॉक्टर आला होता. हिनं एक धडधाकट दिसणारी मेंढी त्याच्यापुढं ओढून आणली. "हिच्या पोटात जंत हायेत." डॉक्टरनं विचारलं, कशावरून. हिनं पाठीवरची लोकर फाकवून चिमटीनं हलकेच ओढली, तर पुंजकाच हातात आला. डॉक्टरनं लेंड्या तपासायला नेल्या आणि पुढच्या खेपेला आल्यावर सुई काढायच्या आधी त्यानं विचारलं, "धुरपतामावशी कुठायत?"

आणि तिचे स्वतःचे केस. काय सांगू. कमरेखाली जाणारी, विहिरीच्या दोरासारखी जाड वेणी. रिठ्यानं धुवायची, करडईचं तेल लावायची, उन्हात पाठ करून बसायची. चाळीस वर्षं उन्हातान्हात काढलेल्या बाईची कातडी कशी असावी, तशी तिची नव्हती. याला नटणं म्हणणाऱ्या बायका गावात होत्या. तिचा हिशोब वेगळा होता. "मेंढरावाल्या बाईचेच केस बेकार असले तर तिच्या मेंढरावर कोन इस्वास ठेवंल?"

त्या घराची एक रीत होती. मेंढरांचा वाडा म्हणजे रानात जाळी ताणून केलेलं कुंपण. पाळीच्या चार दिवसांत घरच्या बाईनं त्या जाळीच्या आत पाऊल टाकायचं नाही. धुरपताबाईनं ती रीत पस्तीस वर्षं पाळली, म्हणजे बाहेर उभी राहून पाळली. जाळीच्या अलीकडून काठी दाखवून ग्यानबाला फर्मावायची, "ते ठिपक्याचं कोकरू मोरीच्या खाली लावा. मोरीच्या म्हणलं मी, ही मोरी हाय का? डोळे फुटलेत का तुमचे?" ग्यानबा चार दिवस शिव्या खायचा आणि पाचव्या दिवशी ती आत गेली की सुटकेचा निःश्वास टाकायचा.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिची पाळी गेली. आमच्याकडं या गोष्टीचा कुणी उच्चार करत नाही. हिनं गूळ-फुटाणे वाटले. गल्लीत वाटले आणि शाळेतही आणून दिले. हेडमास्तरांनी फुटाणा तोंडात टाकून विचारलं, काय विशेष. "महिन्याचे चार दिस माजे वापस आले," ती म्हणाली. हेडमास्तरांना कळलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. मग तिनं त्यांना नीट समजावून सांगितलं. मी रजिस्टर काढून उगाच पानं उलटत बसले. पण ती निघाली तेव्हा दारातून मी तिच्याकडं बघितलं. कुठलीशी लढाई जिंकून आल्यासारखी ती चालत होती.

यानंतर दोनेक वर्षांनी ती दिसेनाशी झाली.

त्या दिवसांत माझं वय सेहेचाळीस. कंगव्यात केस यायला लागले होते. मी ते कागदात गुंडाळून फेकायची, नवऱ्याला दिसू नयेत म्हणून. हनुवटीवर दोन राठ केस उगवले होते, ते दार लावून उपटायची. पोटऱ्या खाजायच्या, तर दोष साबणाला द्यायची. शिकलेली बाई मी, डी.एड. झालेली, पण या बाबतीत अगदी अडाण्यासारखी वागत होते. त्यामुळं धुरपताबाई दीड महिना दिसली नाही, याचं मला थोडं बरंच वाटलं. ती असती तर तिनं पहिल्याच भेटीत ओळखलं असतं.

एका दुपारी ग्यानबा शाळेच्या पायरीवर येऊन बसला. हातात मोबाईल आणि एक चुरगळलेली चिठ्ठी. "बाई, ह्यो लंबर लावून द्या जरा. व्यापाऱ्याचा हाय."

"कशाला?"

"मेंढरं काढायचीत."

"सगळी?"

"सगळी. ती दीड महिना झाला रानात येगळं खोपटं करून ऱ्हायलीय, वाड्याकडं फिरकली न्हाई. माजे गुडघे गेलेत, एकट्याच्यानं होत न्हाई. पोरगं पुण्याहून म्हणायलंय, इका अन् मोकळे व्हा." त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. मी नंबर लावून दिला. व्यापारी चार दिवसांनी, बाजारच्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन येणार असं ठरलं. शाळा सुटल्यावर मी घरी न जाता सरळ तिच्या रानाकडं निघाले.

बाभळीच्या मागं, सगळ्यांपासून लांब, तिनं ताडपत्रीचं खोपटं केलं होतं. वीस पावलांवरच गंधकाचा आणि करंजाच्या तेलाचा भपकारा नाकात गेला. "तितंच थांबा बाई," तिनं बाजेवरून काठी उगारली. "जवळ येऊ नका. मला खरूज झालीय."

डोक्याला फडकं गुंडाळलेलं. दंडावर गेरूचा लाल पट्टा. आजारी मेंढरू कळपातून बाजूला काढलं की त्याच्या अंगावर असा पट्टा ओढायची त्यांची पद्धत. हा तिनं स्वतःच्या हातानं स्वतःला ओढला होता. मला हसू आलं, आणि लगेच रडू आलं.

"खरूज कशावरून?"

तिनं फडकं सोडलं. ती दोरासारखी वेणी शेपटीएवढी बारीक राहिली होती. भांग रुंदावून टाळू दिसत होती. हात कोरडे, खवले निघालेले, नखांचे ओरखडे. "पयले खाज येती, मंग कातडी सुकती, मंग लोकर जाती. चाळीस वर्सं बघायलेय मी. मला वळखू येणार न्हाई व्हय? मेंढराचं औषध असतंय तेच लावायलेय. पर कमी न्हाई. वाढायलंय."

"ग्यानबानं व्यापाऱ्याला बोलावलंय. ठाऊक आहे का?"

"मीच बोलवा म्हणले." ती समोर बघत होती. बाज तिनं अशी टाकली होती की ओढ्यापलीकडचा वाडा दिसावा. "एकीला खरूज लागली की अख्खा कळप उघडा पडतो बाई. थंडीत मरतेत. माज्या हातानं नासण्यापरीस दुसऱ्याच्या हाताखाली जगलेली बरी." तेवढ्यात तिकडं एक कोकरू ओरडलं. ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली. दीड महिना ती असंच उठत-बसत होती.

मला ते बघवेना. आणि मग जे मी नवऱ्याला, बहिणीला, कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्या गंधकाच्या वासात उभी राहून सांगून टाकलं. "धुरपताबाई, माझेही केस गळतात. माझंही अंग खाजतं. पाळी मागंपुढं व्हायला लागली तेव्हापासून."

तिनं मान वळवली. माझ्या केसांकडं बघितलं, मग हातांकडं. बराच वेळ. "तुमाला बी खरूज?"

"मी कुठं मेंढरं राखते?"

ती काठीनं मातीत रेघा ओढत राहिली. "मेंढरात न ऱ्हाता खरूज कशी व्हईल," ती स्वतःशीच म्हणाली. मग उठली. "दवाखाना कुटं हाय म्हणलात?"

मी अजून दवाखान्याचं नावही काढलं नव्हतं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा उरकून आम्ही परभणीला गेलो. बसमध्ये ती शेवटच्या सीटवर एकटीच बसली, दोन्ही हात पदरात गुंडाळून. शेजारी कुणी टेकायला लागलं की म्हणायची, "लांब बसा, आजार हाय." कंडक्टरनं दिलेलं तिकीट तिनं कोपऱ्याला धरून घेतलं. त्या गर्दीच्या गाडीत तिच्या बाजूची जागा परभणीपर्यंत रिकामी राहिली.

कातडीची डॉक्टर बाईच होती, चाळिशीची, हसऱ्या चेहऱ्याची. धुरपताबाई दारातच उभी. "लांबूनच बगा मॅडम." डॉक्टरनं ऐकलं नाही. खुर्ची पुढं ओढून तिला बसवलं आणि तिचा हात नुसत्या हातात घेतला. दीड महिन्यात कुणी तिला शिवलं नव्हतं.

डॉक्टरनं भिंगातून बोटांच्या बेचक्या बघितल्या, मनगटं बघितली, डोकं बघितलं. "घरात आणखी कुणाला खाजतं?"

"न्हाई. मी लांब ऱ्हाते ना."

"लांब राहायला लागायच्या आधी?"

"तवा बी न्हाई."

"खरूज असती तर नवऱ्याला पहिली झाली असती. पाळी कधी गेली?"

"दोन वर्सं झाली. गूळ वाटला मी."

डॉक्टर मोकळेपणानं हसली. मग तिनं समजावून सांगितलं. पाळी जाते तेव्हा अंगातलं एक हार्मोन कमी होतं. कातडीची ओल आणि जाडी त्याच्या जोरावर असते. ते कमी झालं की कातडी कोरडी होते, पातळ होते, खाजते. केस बारीक होतात, विरळ होतात. आणि हनुवटीवर मात्र नको तिथं उगवतात. मी नकळत हनुवटीवर हात ठेवला.

"सगळ्याच बायांला व्हतंय हे?"

"कमी-जास्त. पण पुष्कळ जणींना."

"मंग आजपस्तोर कोन बोललं कसं न्हाई?"

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

केस गळायला रक्त कमी असणं, थायरॉईड अशीही कारणं असतात म्हणून डॉक्टरनं रक्त तपासायला लावलं. तिचं रक्त कमीच निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या. गंधक बंद, त्यानंच निम्मी आग होतेय म्हणाली. वजरीच्या दगडानं अंग घासणं बंद, कढत पाणी बंद. अंघोळ झाली की ओल्या अंगालाच खोबरेल चोळायचं. "केस थोडे येतील," ती म्हणाली, "पण पहिल्यासारखे होतील असं मी सांगणार नाही."

"केसाची फिकीर सोडा," धुरपताबाई म्हणाली. "मेंढराला लागंल का न्हाई ते सांगा."

"नाही लागणार."

"कोकराला?"

"नाही."

"पोटुशी मेंढी असली तर?"

"नाही हो मावशी. कुणालाच नाही."

"मंग लिहून द्या. शिक्का मारून द्या."

डॉक्टरनं कागद ओढला आणि स्वच्छ मराठीत लिहिलं: या बाईंना खरूज नाही. यांच्या हातून मेंढरांना काहीही लागत नाही. खाली सही, सहीवर शिक्का. आपल्या आयुष्यात असलं प्रमाणपत्र पहिल्यांदाच देतेय, असं ती म्हणाली. येताना धुरपताबाई बसमध्ये मधल्या सीटवर बसली, दोन बायांच्या मधे दाटून.

ग्यानबाला तिनं त्या दिवशी काही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "व्यापाऱ्याम्होरंच सांगते. ह्येंनी फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं तर त्यो व्यापारी बाजारात बोंब मारंल, की हिच्या मेंढराला खरूज हाय म्हणून. एकदा नाव गेलं की कोन आपल्या रानात कळप बसवू देतंय?" तिचं बरोबर होतं. ते दोन दिवस ती घरच्या ओट्यावर निजली, साध्या साबणानं गंधकाचा वास घालवत राहिली, आणि दंडावरचा गेरू तिनं तेलाच्या बोळ्यानं पुसून काढला.

बाजारच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. मी शाळेत जायच्या आधी रानात गेले. खोटं कशाला बोलू, मला राहवलंच नाही. व्यापारी जाळीपाशी उभा राहून मेंढरं न्याहाळत होता. ग्यानबा खाली मान घालून काठीवर रेललेला. धुरपताबाई ओढा उतरून आली, अंगाला खोबरेलाचा वास, आणि कागद माझ्या हातात दिला. "वाचा बाई. मोठ्यानं."

मी वर्गातल्या आवाजात वाचलं. व्यापारी कागद मागून घेऊन पुन्हा वाचायला लागला. त्यानं शिक्काही उन्हात धरून बघितला. ग्यानबानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हंजी," त्याचे शब्द अडकत होते, "म्हंजी ठिवायची का मेंढरं?"

तिनं जाळी उचलली आणि आत गेली. दीड महिन्यानं आत गेली. जिभेनं तो त्यांचा आवाज काढला, टर्र असा, आणि तिकडच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभा असलेला सगळा कळप एकदम वळला. मोरी पुढं, बाकीच्या मागं. तिच्या गुडघ्यांना, मांड्यांना, हातांना नाकं लावत, एकमेकींना ढकलत. तिनं वाकून एक कोकरू उचललं, दोन्ही हातांनी, उघड्या हातांनी, आणि त्याच्या मानेत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते. मी रडत होते, ग्यानबा रडत होता. व्यापारी म्हणाला, "मावशी, निदान दहा-बारा तरी द्या, इतकं लांबून आलोय." आतून आवाज आला, "चहा पिऊन जा."

पुढच्या काही महिन्यांत तिची कातडी बरीच सुधारली. खाज गेली. केस मात्र विरळच राहिले, आणि तिनं एक दिवस ती शेपटीएवढी वेणी कातरणीनं खांद्यापर्यंत उतरवली. ग्यानबा चारचौघांत म्हणायचा, "आमच्याकडली एक मेंढी बिनलोकरीची हाय. पर कळप तिच्याच मागं चालतो." म्हणताना त्याची छाती फुगलेली असायची.

आणि मग ती गावातल्या बायांच्या मागं लागली. हापशावर, गिरणीत, हळदीकुंकवात, कुणाचाही पदर मागं सारून भांग बघायची. "मेंढराची लोकर आपुन रोज बघताव. बाईची कोन बघावं?" एका सासूनं तिला दारात उभं करून शिव्या घातल्या, असल्या गोष्टी सुनेदेखत बोलते म्हणून. आठ दिवसांनी तीच सासू मागच्या दारानं तिच्याकडं आली. वर्षभरात तिनं आठ-नऊ जणींना परभणीला नेलं. एकीला थायरॉईड निघालं, वेळेवर औषध लागलं. एकीला तर खरोखरीचीच खरूज निघाली. तिला मात्र धुरपताबाईनं बरी होईस्तोवर वाड्याच्या आसपास फिरकू दिलं नाही.

मलाही तिनं सोडलं नाही. एकदा वर्गाच्या दारात माझी हनुवटी वर करून म्हणाली, "दोन आलेत बाई. उपटा न्हाईतर ऱ्हाऊ द्या. पर दार लावून रडत बसू नका."

मी निवृत्त होऊन परभणीत राहायला आले त्याला आता काही वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात ताडकळसला एका लग्नाला निघाले होते. रस्त्यात बस थांबली. समोर रस्ताभर मेंढरं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, कंडक्टर दारातून ओरडला, "आजी, घ्या की बाजूला, टाईम झालाय." मेंढरांच्या मधोमध ती चालत होती, पदर खांद्यावर, उघडं पांढरं डोकं उन्हात. तिनं घाई केली नाही. खिडकीत मला बघितलं आणि बसला हात टेकवून उभी राहिली.

पण बोलायच्या आधी तिची नजर माझ्या मागच्या सीटवर गेली. तिथं एक पन्नाशीची बाई बसली होती. डोक्याला ओढणी घट्ट आवळलेली, हात पूर्ण बाह्यांत, आणि ती बाही वरूनच खाजवत होती. परभणीपासून मी तिला बघत होते आणि काही बोलले नव्हते.

"पाळी गेली का माय तुजी?" धुरपताबाईनं रस्त्यावरून विचारलं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात.

दारातला कंडक्टर तिकिटाच्या मशीनकडं बघायला लागला. ती बाई लालबुंद झाली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा खिडकीबाहेर बघितलं.

"गेल्या सालीच," ती म्हणाली.

"मंग भिऊ नकोस. ही बाई सांगंल तुला समदं," धुरपताबाईनं माझ्याकडं बोट दाखवलं, टर्र असा आवाज काढला आणि कळपामागं निघून गेली. बस सुरू झाली. मी उठून मागच्या सीटवर जाऊन बसले. पलीकडच्या रांगेतल्या दोन बायाही आमच्याकडं सरकल्या.